डावा खांदा

बाई, त्या सकाळी आपण दोघी गच्चीवर उन्हात बसून मटार सोलत होतो. तुम्हाला तो दिवस आठवायचं काही कारण नाही, तसं त्यात काही घडलं नव्हतं. जानेवारी संपत आला होता, धुकं दहाच्या पुढे कुठे विरलं होतं आणि गच्चीच्या मागच्या बाजूने मोहरीची पिवळी शेतं थेट दिसत होती, कारण आपल्या इमारतीमागे तेव्हा दुसरं काही नव्हतंच. तुमच्या मांडीवर परात होती. मी पाण्याचा तांब्या आणायला उठले आणि परत येऊन बसताना एका हाताने कठडा धरला, दुसरा हात जमिनीला टेकवला, मग एक गुडघा, मग दुसरा, आणि मग बसले. तुम्ही दोन दाणे तोंडात टाकलेत आणि म्हणालात, "जमीन चावते का गं तुला?" मी म्हटलं, पडायची भीती वाटते. "कधी पडलीस?" मी नाही, आई पडली होती, मी म्हटलं. रामकृष्णपुरमच्या क्वार्टरमध्ये न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, चार महिने पलंगावर होती आणि मग गेली. तुम्ही पुढची शेंग उचललीत, अंगठ्याने फोडलीत आणि म्हणालात, "मग पडायला शीक. मंगळवारी चार वाजता खाली ये. साडी नको."

आम्हाला गुडगावला येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझा जन्म सरकारी क्वार्टरमधला, लग्न होऊन गेले तेही सरकारी क्वार्टरमध्येच, आणि मग ह्यांनी पंचेचाळिशीत सरकारी नोकरी सोडून नव्यानेच आलेल्या एका परदेशी कंपनीत नोकरी धरली. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि दोन वर्षांनी तेच सगळे ह्यांच्याकडे आपल्या मुलांचे बायोडेटा पाठवायला लागले. कंपनीची गाडी सकाळी साडेसातला ह्यांना घेऊन जायची. मुलगी पुण्याला कॉलेजात, हॉस्टेलवर. मी नवव्या मजल्यावर, चार खोल्यांच्या पांढऱ्या भिंती बघत. खाली बाजार नव्हता, भाजीवाला आठवड्यातून दोनदा उंटगाडी घेऊन यायचा, आणि दिवसातून चार वेळा वीज जायची. आपली ओळख त्या विजेनेच करून दिली. लिफ्ट मधेच थांबली, अंधार झाला आणि मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "आता काय मेलं." कोपऱ्यातून आवाज आला, "मेलं कुणी नाही, वीज गेलीय. कुठल्या तुम्ही?" जनरेटर सुरू होईपर्यंत त्या दहा मिनिटांत तुम्ही मला सगळं सांगितलंत: पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षं पीटी शिकवलीत, यजमान गेले, मुलाने इथे सातव्या मजल्यावर घर घेतलं म्हणून आलात, आणि स्वस्थ बसवत नाही म्हणून तळघरातल्या हॉलमध्ये सोसायटीच्या पोरांना ज्युडो शिकवता. मला तुमचा चेहरा दिसतच नव्हता. वीज आली तेव्हा समोर एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती, हातात दुधाच्या पिशव्या. मी कुणी दांडगी बाई डोळ्यांसमोर आणली होती.

मंगळवारी मी आले ती सलवार-कमीज घालून, ओढणी पिनने दोन्ही खांद्यांना टाचून. तळघरात एका बाजूला स्कूटर लावलेल्या आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या गाद्या. पिंजाऱ्याकडून कापूस ठासून भरून घेतलेल्या बारा गाद्या, एकमेकींना दोरीने बांधलेल्या आणि वरून हिरवी ताडपत्री ताणलेली. अकरा मुलं होती, सगळ्यात मोठी बारा वर्षांची. मी चव्वेचाळीस. एका दात पडलेल्या मुलीने मला विचारलं, "आंटी, आप किसकी मम्मी हो?" तुम्ही म्हणालात, "किसी की नहीं. आज से ये तुम्हारी क्लासमेट है." मुलांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला लिफ्टकडे पळावंसं वाटलं. मग तुम्ही ओढणीच्या पिना स्वतःच्या हाताने काढल्यात, ओढणीची घडी करून एका स्कूटरच्या सीटवर ठेवलीत आणि म्हणालात, "हनुवटी छातीला लाव. पोटाकडे बघ. आणि मागे पड."

मला नाही पडता आलं. बाई, तुम्ही मला त्या दिवशी हसला नाहीत ह्याचे आभार मी कधी मानलेच नाहीत. अकरा मुलं धुणं आपटावं तशी पटापट पडत होती, हात ताडपत्रीवर आपटून पुन्हा उभी राहत होती, आणि मी उकिडवी बसून होते. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी आम्हाला गुडघे जुळवून बसायला शिकवलं होतं, डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला शिकवलं होतं, जिना उतरताना स्कर्ट कसा धरायचा ते शिकवलं होतं. आम्ही पडू शकतो ही शक्यताच कुणी धरली नव्हती. तीन मंगळवार आणि तीन गुरुवार मी बसूनच होते. चौथ्या मंगळवारी तुम्ही माझ्याशेजारी बसलात आणि म्हणालात, "मी पहिल्यांदा पडले तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. सरकारी शिबिर होतं, सगळ्या विशीतल्या मुली. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे. आता पड, नाहीतर मी ढकलते." आणि ढकललंतच. माझे हात आपोआप ताडपत्रीवर आपटले, मोठा आवाज झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी छताकडे बघत पडून राहिले. छताला एक पाइप होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. मला आईची आठवण झाली आणि मी रडले नाही.

ह्यांनी घरी पुष्कळ थट्टा केली. ऑफिसातल्या लोकांना फोनवर सांगायचे, "आता आमच्याकडे भांडण काढायची सोय राहिली नाही." जुन्या गुडगावातल्या बाजारात मी जाड ड्रिलच्या कापडाचं जॅकेट शिवायला टाकलं तेव्हा म्हातारा शिंपी माप घेता घेता थांबला आणि म्हणाला, "बहनजी, ये कौन से महकमे की वर्दी है?" कुठल्या सरकारी खात्याचा गणवेश, म्हणून. मी तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला. त्यानंतर मी नीट काही केलं नाही की म्हणायचात, "महकमा बंद करू का तुझा?"

मला सगळ्यात जास्त बोलणी बसली ती 'सॉरी'वरून. समोरच्याची बाही धरली की माझ्या तोंडून सॉरी जायचं. पाय अडकवला की सॉरी, पाडलं की दोनदा. एकदा तुम्ही क्लास थांबवलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तू पाडणार आहेस की क्षमा मागणार आहेस? दोन्ही एकदम होत नाही. आधी पाड." मला राग आला होता. रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, आता जाणार नाही. गुरुवारी चार वाजता खाली होते.

आता त्या थापेबद्दल लिहायला हवं, त्यासाठीच तर बसले आहे. पहिल्या महिन्यातच तुम्ही नियम सांगितला होतात. कुणी आपल्याला गादीवर दाबून धरलं आणि सहन होईना, तर उघड्या तळव्याने दोनदा थाप मारायची, गादीवर किंवा त्याच्या पाठीवर. थाप पडली की धरणाऱ्याने सोडायचं. "त्याच क्षणी. का, कशाला, खरंच दुखलं का, काही विचारायचं नाही. विचार करत बसलात तर तो ज्युडो नाही, ती मारामारी." मुलांकडून तुम्ही हे वाक्य हिंदीत पाठ करून घेतलं होतंत. आणि तरी तुम्हीच त्या नियमाशी खेळ करायचात. नवीन पोरगं दोन महिने हरून हरून रडकुंडीला आलं की तुम्ही स्वतः त्याच्याखाली झोपायचात, जरा वळवळ करायचात आणि थाप मारायचात. पोरगं उड्या मारत घरी जायचं. मला तुम्ही अशी थाप पहिल्या वर्षी तीनदा दिलीत. तिन्ही वेळा मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं, आज मी बाईंना धरून ठेवलं. मग त्या दात पडलेल्या मुलीने, तिला आता दात आले होते, मला समजावून सांगितलं, "आंटी, मैम तो सबको जिता देती हैं. वो झूठमूठ का था." शेचाळिसाव्या वर्षी मला तळघरात उभं राहून कानांच्या पाळ्या गरम झालेल्या कळल्या.

तुम्हाला मी ते लगेच बोलले नाही. माझा पिवळा पट्टा झाला तेव्हा तुम्ही मला जेवायला नेलंत, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात. बस बदलत, धौला कुआँला अर्धा तास उभं राहून. तिथे पिठलं-भाकरी मिळते म्हणून तुम्हाला कोण आनंद. वाढणाऱ्या माणसाने तुम्हाला ओळखलं, हातातलं भांडं खाली ठेवून पाया पडला आणि म्हणाला, "बाई, मला तुम्ही लेझीममध्ये शेवटच्या रांगेत ठेवलं होतं." तुम्ही म्हणालात, "अजून बेतालच आहेस का?" तो म्हणाला, "म्हणून तर वाढप्या झालो." दोघेही हसलात, मला मात्र हसू येईना. तो गेल्यावर मी म्हटलं, बाई, मला खोटी थाप देऊ नका. मुलांना द्या. मला हरू द्या, पण खोटं जिंकवू नका. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबलात. "लागलं का एवढं?" हो, म्हटलं. तुम्ही म्हणालात, "बरं. तुला नाही देणार. वचन." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकलीत.

त्यानंतर चार वर्षं तुम्ही मला एकदाही थाप दिली नाहीत. मी शिकत होते ती एकच पकड, कारण बाकीचं माझ्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. समोरचा पाठीवर पडला की त्याच्या उजव्या बाजूला बसायचं, आपला उजवा हात त्याच्या मानेखालून, त्याचा उजवा हात आपल्या डाव्या काखेत घट्ट धरायचा, आणि आपलं सगळं वजन त्याच्या छातीवर सोडून द्यायचं. "कणीक तिंबतेस ना, तशी खाली ये. हातांनी दाबू नकोस." दर गुरुवारी क्लास संपला की पाच मिनिटं तुम्ही माझ्यासाठी झोपायचात आणि दर गुरुवारी कुठून तरी निसटायचात, साठी ओलांडलेल्या तुम्ही, मासळीसारख्या. सरळ उठून केस बांधत म्हणायचात, "पुढल्या आठवड्यात." मला त्या पाच मिनिटांसाठी आठवडाभर जगावंसं वाटायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही. बाहेर एकेक करून टॉवर उभे राहत होते, मोहरीची शेतं संपली, ह्यांना बढत्या मिळाल्या, घरात दोन गाड्या आल्या, आणि माझ्यासाठी त्या सगळ्यात एकच गोष्ट घडायची बाकी होती: तुम्हाला एकदा खरोखरीचं धरून ठेवणं.

त्या गुरुवारी मी पन्नास वर्षांची झाले. तुम्ही ओल्या नारळाच्या करंज्या आणल्या होत्यात, झाकणावर तुमचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात. मुलांनी करंज्या खाल्ल्या, ताडपत्रीवर सांडलेलं सारण झाडलं आणि घरी गेली. तुम्ही नेहमीसारख्या आडव्या झालात. मी पकड घेतली. तुम्ही एकदा वळलात, दुसऱ्यांदा वळलात, मी कणकेसारखी खाली आले, आणि तुमच्या डाव्या हाताने ताडपत्रीवर दोनदा थाप मारली. मला वाटलं, वाढदिवस म्हणून. करंज्यांसारखीच ही पण भेट. माझ्या डोक्यात तिडीक गेली, वचन दिलं होतंत ना, आणि मी सोडलं नाही. दोन श्वास, फार तर तीन. मग तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि मी सोडलं. तुम्ही उठून बसलात, कपाळाला घाम आला होता. मी म्हटलं, "खोटी होती ना?" तुम्ही मान हलवलीत. "खरी होती गं. सुटताच येईना. दमच लागला." आणि हसलात. "झाला तुझा महकमा पक्का."

बाई, मला त्यासारखा आनंद पुढे कधी झाला नाही. मुलीच्या लग्नातही नाही.

लिफ्टमध्ये तुम्ही म्हणालात, खांदा भरून आलाय. मी तुमच्या घरी आले. मुलगा-सून ऑफिसातून यायचे होते, तीन वर्षांची नात सांभाळणाऱ्या बाईजवळ होती. मी स्वयंपाकघरात वाटीत तेल कोमट केलं, तुम्हाला पलंगावर बसवलं आणि खांदा चोळून दिला. तुम्ही म्हणालात, "दंडापर्यंत येतंय. बरी धरलीस मला." मीही हसले. तुम्हाला लिंबाचं सरबत करून दिलं. तुम्ही अर्धंच प्यायलात, मळमळतंय म्हणालात, करंज्या जास्त झाल्या असतील. डबा माझ्याकडेच राहिला होता. वर गेले, शिरा केला, हे आले तेव्हा दारातच सांगितलं, "आज खरंखुरं धरून ठेवलं बाईंना." हे म्हणाले, "अरे वा, म्हणजे आता मला सांभाळून राहायला हवं." आम्ही दोघांनी शिरा खाल्ला. सकाळी साडेसहाला तुमच्या मुलाने बेल वाजवली. पायात चपला नव्हत्या.

तेराव्याला त्याने मला तुमचा काळा पट्टा दिला. "वहिनी, आई असती तर तुम्हालाच दिला असता. तुमच्यामुळे तिची शेवटची वर्षं मजेत गेली." दर वर्षी तुमच्या तिथीला तो फोन करतो आणि न चुकता हेच वाक्य म्हणतो. तो आता निवृत्त झालाय, दुसऱ्या सेक्टरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. मी दर वर्षी म्हणते, "नाही हो, त्यांच्यामुळे माझी." तेही खरं आहे, आणि त्याने काहीच भागत नाही. क्लास तुमच्याबरोबर संपला. दोन महिने मी मुलांना जमवून पाहिलं, पण मला फक्त पडता येत होतं आणि एक पकड येत होती, आणि ती पकड मी पुन्हा कुणावर घेऊ शकले नाही. हॉलमध्ये आधी आणखी स्कूटर आल्या, मग काचेचं दार लावून जिम झाली.

काही वर्षांनी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा हॉस्पिटलात बसले असताना मी तिथल्या हृदयाच्या डॉक्टरना विचारलं, एका ओळखीच्या बाईंचं म्हणून. डॉक्टर भल्या होत्या, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, छातीवर दोन-तीन श्वास जास्त वजन पडल्याने काही होत नाही, ते मनातून काढून टाका. त्रास आधीच सुरू झाला असणार, दम म्हणूनच लागला. त्याच संध्याकाळी आणलं असतं तर कदाचित. मग घड्याळ बघत म्हणाल्या, "लोगों को लगता है मोच आ गई. लेफ्ट शोल्डर, लेफ्ट आर्म. मालिश करते रहते हैं." मी मान हलवली आणि बाहेर येऊन ह्यांच्यासाठी नारळपाणी घेतलं.

हेही गेले त्याला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी लिफ्टसमोर ओल्या फरशीवर घसरले. हनुवटी छातीला लागली, हात आपटले, मोठा आवाज झाला आणि मला कुठेही काहीही झालं नाही. सिक्युरिटीवाला धावत आला आणि म्हणाला, "आंटी, आप तो फिल्मों जैसे गिरीं." चौऱ्याहत्तराव्या वर्षी हाडं शाबूत आहेत माझी. मुलगी घाबरली ती घाबरलीच. पुण्याजवळ वयस्कर लोकांसाठी एक सोसायटी झालीय, तिथे तिने माझ्यासाठी घर घेतलं. हा फ्लॅट विकला. पुढच्या महिन्यात जायचं. मला तिथेही कुणाचं काही करता येणार नाही आणि इथेही नाही, तेव्हा कुठे राहते ह्याने फरक पडत नाही.

आणि मग तुमच्या नातीचा फोन आला. सत्तावीस वर्षांची आहे. तिच्या ऑफिसच्या इमारतीत ज्युडोचा क्लास निघालाय, ती जाते. "आजी, मैं सबसे बेकार हूँ वहाँ, मला नीट पडताच येत नाही." मराठी निम्मी विसरलीय, तुमच्यासारखं हसते मात्र. तिला तुमचा पट्टा हवाय, बघायला तरी. रविवारी बापाला घेऊन येते म्हणाली. आणि मग म्हणाली, "पापांना काहीच माहीत नाही. तुम्ही होता ना आजीच्या लास्ट क्लासला? त्या दिवशी काय झालं होतं? वो ठीक थीं?" कुणी मला हा प्रश्न ह्यापूर्वी विचारला नव्हता, बाई. मी म्हटलं, "हो, एकदम ठीक होत्या. नेहमीसारखाच क्लास झाला." ती म्हणाली, "अच्छा, चलो, मग छानच." तेव्हापासून मी हे पत्र लिहायला घेते आणि फाडते. हे चौथं.

कारण वर लिहिलंय तेही पूर्ण खरं नाही. थाप खोटी वाटली, ते खरंच आहे, त्याची क्षमा तुम्ही तिथल्या तिथे हसून केलीत. डॉक्टरांनी सांगेपर्यंत मला काही कळलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, ते खरं नाही. तेल लावताना माझा हात तुमच्या डाव्या खांद्यावर होता. मी पकडला होता तो उजवा हात, चार वर्षं दर गुरुवारी उजवाच. डावा हात तर मोकळा होता, त्यानेच तुम्ही थाप मारली होतीत. तेलाचा हात फिरवताना माझ्या मनात आलं, अगं, पण धरला होता तो उजवा. स्पष्ट आलं, ह्याच शब्दांत. तोंड उघडून विचारायचं होतं, बाई, हा खांदा कशाने दुखतोय? एवढं विचारलं असतं तर तुम्ही माझ्याहून शहाण्या होतात, पुढचं तुम्हाला समजलं असतं. पण मग तुमचा दम माझ्या पकडीने लागला नव्हता असं झालं असतं. ती थाप खरी होती, पण मला दिलेली नव्हती असं झालं असतं. मला ती हवी होती, बाई. म्हणून मी चोळत राहिले.

रविवारी मी हे सांगेन असं मला वाटत नाही. मी स्वतःला ओळखते. तुमचा मुलगा सोफ्यावर बसून ते वाक्य म्हणेल, मी चहा ओतेन आणि माझं वाक्य म्हणेन.

मुलीने सांगितलंय, आई, प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लाव, कुणाला काय ते, म्हणजे सामानवाले आल्यावर घोळ नको. लावतेय. शिलाई मशीन समोरच्या घरातल्या सुनेला. गाद्यांपैकी एक माझ्याकडे उरली होती, ती सिक्युरिटीवाल्याच्या बायकोला. कापूस पिंजून घे म्हणावं, अजून चांगला आहे. माझं जॅकेट खालच्या इस्त्रीवालीला, ती कधीची जाड कापड मागतेय टेबलावर अंथरायला. पिवळा पट्टा कुणाला देण्यासारखा नाही, तो पुण्याच्या पेटीत. काळा पट्टा नातीला; तिला सांगायचं, सारखा धुवू नकोस, आणि पकड घेताना समोरच्याच्या हातांकडे लक्ष ठेव, दोन्ही. डबा तुमच्या मुलाला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून तो इतकी वर्षं माझ्याकडे राहिला, त्यात काय घालून द्यावं ते सुचेना. हे पत्र चार घड्या घातल्या की त्यात बरोबर बसतं, झाकणही लागतं. बसवून पाहिलं. मग काढून घेतलं आणि वाटीभर साखर घातली.